याकूब सोलकर आणि दुसऱ्यांची गाणी

याकूब सोलकर मला आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या महिन्यात तो गेल्याची बातमी आली आणि तेव्हापासून रुवैसमधले आमचे जुने लोक एकमेकांना फोन करून ‘बिचारा’, ‘देवमाणूस’ असलं काहीबाही बोलतायत. यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्याविरुद्ध कंपनीत लेखी तक्रारी केल्या होत्या. एक माझीही होती. तोंडावर मी त्याला ‘सोलकरचाचा’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचो, पाठीमागे ‘तो सोलकर’. इथेही ‘तो’च लिहितो. मेल्यावर एकदम मान द्यायला लागलो असतो, तर त्याने पहिलं तेच पकडलं असतं.

नव्वदीच्या मध्यावर मी रुवैसला लागलो. अबू धाबीपासून पश्चिमेला अडीच-तीन तास गाडी हाकली की समुद्राच्या काठाला रिफायनरी, तिच्या चिमण्या आणि थोडं अलीकडे आमच्यासारख्यांची वसाहत. आमची कंपनी रिफायनरीच्या देखभालीची कामं घ्यायची. मी मेकॅनिकल इंजिनियर, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं. सोलकर आमच्या स्टोअरचा इन्चार्ज. पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, बाणकोटच्या खाडीकाठचा मुसलमान. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री असताना स्टोअरच्या एसीत तो राखाडी स्वेटर घालून बसायचा. चष्म्याला दोरी. पुढ्यात जॅमच्या बाटलीत बिनदुधाचा सुलेमानी चहा, तोही गार झालेला.

त्याच्या काउंटरवर पहिल्यांदा गेलो ते एका गास्केटसाठी. पंप उघडून पडला होता, साइटवरचे लोक माझ्या नावाने शंख करत होते. सोलकरने माझा फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

“सही नाय.”

“चाचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. पंप उघडा पडलाय. संध्याकाळी सही आणून देतो.”

“आधी सही, मग सामान. यल्ला, पुढचा.”

मी तिथेच थांबलो, म्हटलं मन बदलेल. वेळ काढायला एक गाणं गुणगुणत होतो. इंग्लंडमधल्या एका मोठ्या रॉक बँडचं गाणं, कॉलेजात आमच्या होस्टेलवर ते रोज वाजायचं. सोलकरने पहिल्यांदा चष्म्यातून वर पाहिलं.

“कोणाचा गाना रे हा?”

मी बँडचं नाव सांगितलं. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला गाण्यांची आवड दिसते, आता गास्केट मिळेल.

“त्यांचा? त्यांच्या बापाचा पण नाय,” तो म्हणाला आणि बारा वाजायला पाच मिनिटं असताना त्याने शटर खाली ओढलं. “खलास. दीड वाजता ये.”

ही आमची ओळख.

पुढे कळलं की हे सगळ्यांशीच होतं. बाहेरगावच्या साइटवर माल जायचा तेव्हा नेणाऱ्या मजुरांचा गेट पास सोलकर बनवायचा. बाकीचे स्टोअरवाले नुसता बॅज नंबर टाकून मोकळे व्हायचे. सोलकर प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायचा, बापाच्या नावासकट, आणि स्पेलिंग विचारून. उन्हात तीस माणसांची रांग. एकदा एक पठाण ड्रायव्हर अक्षरशः हात जोडून म्हणाला, “चाचा, नंबर लिख दो ना, धूप बहुत है.” सोलकर म्हणाला, “नंबर गाडीला असतो.” रांगेतला एक जण त्या दिवशी चक्कर येऊन पडला. त्याचं नाव मात्र पासवर बरोबर लिहिलेलं होतं. मजूर त्याला शिव्या घालायचे, पाच-सहा भाषांत. आपण त्यांचा मान ठेवतोय अशी सोलकरची समजूत असावी. त्या लोकांना मान नको होता, सावली हवी होती.

तो खोलीत एकटा राहायचा, कारण दुसरं कोणी टिकायचं नाही. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आला की तो गाण्यांच्या तबकड्या लावायचा. शेजारच्या खोलीत त्याच्याच तालुक्यातले दोन भाविक गृहस्थ होते. त्यांना संगीत चालत नसे. ते दार वाजवायचे, हा आवाज वाढवायचा. असरची, म्हणजे दुपार कलतानाची, अजान झाली की मात्र मशीन बंद, आठवडाभर बंद. नियम त्याने स्वतःच केलेला, आणि तोही इतरांना त्रास होईल असा.

त्या तबकड्या त्याने जमवल्या होत्या जहाजावर असताना. दुबई-अबू धाबीला यायच्या आधी सोलकर पंधराएक वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता. जहाज अमेरिकेला गहू भरायला जायचं, न्यू ऑर्लिन्सला. पाऊस आला की गहू भिजू नये म्हणून जहाजाची झाकणं बंद करतात आणि भरणी थांबते. तिथे पाऊस आठवडा-आठवडा हटायचा नाही. मग खलाशांना काम नाही. बाकीचे दारू प्यायला जायचे. सोलकर दारू पीत नव्हता, तर तो काळ्या लोकांच्या वस्तीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत फिरायचा. तिथेच त्याला ब्लूज नावाचं गाणं लागलं. दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं. एक माणूस, एक गिटार. एकच ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचं. बस्स.

हे सगळं मला पुढे कळलं. त्याआधी ती क्लबमधली संध्याकाळ झाली.

आमचा चौघांचा बँड होता. मी लीड गिटार, बेसवर एक हैदराबादी, ड्रमवर एक गोवेकर, आणि गायला बिनॉय. बिनॉय केरळचा, अकाउंट्समध्ये होता, चोवीस वर्षांचा, चारचौघांत बोलताना अडखळणारा मुलगा. पण माइक हातात आला की वेगळाच माणूस व्हायचा. वसाहतीच्या क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हाला अर्धा तास मिळाला होता. बिनॉयचे आईवडील व्हिजिट व्हिसावर आले होते. आई पहिल्या रांगेत, जरीच्या काठाची पांढरी साडी, केसात कुठूनतरी मिळवलेला गजरा. मुलाला स्टेजवर त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

शेवटचं गाणं आम्ही तेच घेतलं, मी गुणगुणत होतो ते. बिनॉयने इंग्रजीत सांगितलं, “हे गाणं जगातल्या सगळ्यात महान बँडचं आहे,” आणि आम्ही सुरू केलं. छान जमलं. माझा सोलो संपला तेव्हा लोक उभे होते. आमचा प्रोजेक्ट मॅनेजरसुद्धा टाळ्या वाजवत होता. आणि त्या टाळ्यांत सोलकर स्वेटर घालून स्टेजच्या पायऱ्या चढून आला. आम्हाला वाटलं बक्षीस द्यायला आला. बिनॉयने हसून माइक त्याच्या हातात दिला.

“ये गाना इनका नहीं है,” सोलकर सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलला. “और जिनका नाम लिया, उनका भी नहीं है. ये गाना एझ्रा टॉलिव्हरका है. वो गोरे छोकरे चुराके ले गये. अब ये चोरीका माल इधर बेच रहे हैं.” मग त्याने बिनॉयच्या आईकडे पाहिलं. त्यांना हिंदी येत नव्हतं, पण ते त्याला माहीत नव्हतं. “अम्मा, आपका लडका अच्छा गाता है. लेकिन झूठ बोलके गाता है.”

त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, तो काय म्हणाला. त्या बाईने सांगितलं. मी स्टेजवरून पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि ते बघणं जास्त वाईट होतं.

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मॅनेजरने घड्याळ पाहिलं आणि जेवणाची घोषणा झाली. बिनॉय त्यानंतर आमच्याबरोबर गायला, पण गाण्याआधी एक शब्द बोलला नाही. बोलायचं काम माझ्याकडे आलं. सोलकरला माफ करायचं नाही हे मी त्या संध्याकाळी ठरवलं, आणि ते पाळलंही.

दुसऱ्या शुक्रवारी मी भांडायला म्हणूनच त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. आतून खरखरत गाणं येत होतं.

“चाचा, तुम्हाला लाज वाटत नाही? त्या पोराची आई समोर बसली होती.”

“बस,” तो म्हणाला.

“मी बसायला आलेलो नाही.”

“मग उभा राहून ऐक. पण ऐक.”

त्याने सुई उचलून तबकडीच्या सुरुवातीला ठेवली. तेच गाणं. म्हणजे ते तेच आहे हे कळायला मला मिनिटभर लागलं. आमच्या गाण्याच्या निम्म्या गतीने चाललेलं. ड्रम नाहीत. गिटारची एकच ओढलेली तार, आणि एका माणसाचा दमलेला, नाकातला आवाज. सोलकरला ते शब्द बंदरावरच्या इंग्रजीत पाठ होते. एकेक ओळ थांबवून तो मला सांगत गेला. माणूस स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभा आहे. टोपी हातात घेतलीय. बायकोला म्हणतोय, मला आत घे, मी कशालाही हात लावणार नाही, नुसता भिंतीला टेकून बसेन.

“आता तुमच्या त्या लोकांनी काय केलं सांग.”

मला सांगायची गरज नव्हती. त्यांच्या गाण्यात तो माणूस म्हणतो, दार उघड, नाहीतर लाथेने तोडतो. आम्ही त्या ओळीवर चौघं मिळून ओरडायचो. लोकांना तीच सगळ्यात आवडायची.

“भीक मागणारा होता, गुंडा केला त्याला,” सोलकर म्हणाला. त्याने लेबल माझ्या डोळ्यांसमोर धरलं. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत एझ्रा टॉलिव्हर. “आणि त्यांच्या रेकॉर्डवर नाव कोणाचं? त्या चार पोरांचं. ह्याला रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी एका हॉटेलच्या खोलीत बसवून गाऊन घेतला, थोडे पैसे हातावर ठेवले, जा बोलले. मेला तेव्हा हा दुसऱ्याच्या शेतावर कापूस वेचत होता.”

मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. म्हटलं, “चाचा, सगळेच तसे नव्हते. काहींनी नावं दिली. काहींनी तर या म्हाताऱ्यांना आपल्याबरोबर स्टेजवर नेलं. आणि हे म्हातारे तरी काय, एकमेकांच्या ओळी उचलायचेच. संगीत असंच पुढे जातं.”

“उचलायचे. बरोबर हाय. पण ते एकमेकांच्या घरी जेवायचे. हे जेवले काय कधी त्यांच्या घरी?”

“त्या पोरांनी गायलं नसतं तर तुमच्या टॉलिव्हरचं नाव कोणाला कळलं असतं?”

“कोणाला कळलं? तुला कळलं? इतकी वर्षं तू हा गाना ऐकतोस. मी विचारला कोणाचा, तर तू नाव कोणाचं घेतलंस?”

मी खरं होतं ते बोललो. “मला हे मूळ गाणं आवडलं नाही. कंटाळवाणं आहे.”

मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, “नको आवडू दे. आवडायला पायजे असा कायदा नाय. नाव घे फक्त.”

मी जायला निघालो तेव्हा त्याने, का कोण जाणे, थांब म्हणून कपाटातून एक कॅसेट काढली. या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझं भांडण त्याला भांडण वाटलंच नव्हतं बहुतेक. त्याच्या खोलीत येऊन गाण्यावर अर्धा तास बोलणारा मी पहिलाच माणूस असणार. ती कॅसेट बाजारातली नव्हती. न्यू ऑर्लिन्सच्या गोदीजवळ एका खाणावळीच्या मागच्या अंगणात एक म्हातारा गायचा, त्याचं गाणं सोलकरने स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. मागे भांड्यांचा आवाज, एक कुत्रं, पाऊस.

गाणं असं होतं. मालकाचं खेचर मेलं, मालक दिवसभर रडला. मालकाचं खेचर मेलं, मालक दिवसभर रडला. माझा भाऊ मेला, तर म्हणाला, उद्या कामावर येशील ना.

रुवैसमध्ये बसून ती तिसरी ओळ ऐकणं सोपं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात आमच्या साइटवर एक फिटर मचाणावरून पडून गेला होता. त्याचा सख्खा भाऊ आमच्याच कंपनीत वेल्डर होता. भावाची शवपेटी विमानात चढवून तो तिसऱ्या दिवशी कामावर हजर होता. त्याला हजर राहा असा निरोप ज्या कागदावर गेला, त्यावर माझी सही होती. हे सोलकरला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्याला विचारलं नाही.

मी म्हटलं, “परत लावा.” त्याने परत लावलं. तीनदा ऐकलं.

“याचं नाव काय?” मी विचारलं.

सोलकरने कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली.

“चाचा, या म्हाताऱ्याचं नाव?”

“विचारलं नाय.”

“म्हणजे?”

“विचारलं नाय म्हणजे विचारलं नाय! सिगारेटचं पाकीट दिलं त्याला. त्याने घेतलं. जहाज सुटायचं होतं.” आणि मग एकदम, “चल, नीघ आता. असर झाली.”

असर व्हायला अवकाश होता.

यानंतर मी जे केलं ते सांगतो, आणि त्यासाठी मी सोलकरला जबाबदार धरत नाही. अबू धाबीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये हौशी बँडची स्पर्धा होती. तिथे एक गाणं स्वतःचं हवं असा नियम होता. आमच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं. तालमीला बसलो आणि माझी बोटं आपोआप त्या खेचराच्या गाण्यावर गेली. माझा कान चांगला होता, तीनदा ऐकणं पुरेसं होतं. गती दुप्पट केली. ड्रमवाल्याने मस्त ठेका धरला. बिनॉयला शब्द सांगितले, तर तो म्हणाला, “मरणबिरण नको यार, लोक नाचणार कसे?” मलाही ते नकोच होतं, माझी कारणं वेगळी होती. भावाची ओळ काढली. तिच्या जागी एक मुलगी आली, जी खेचरावर बसून निघून जाते. विनोदी झालं ते. लोकांना फार आवडलं.

दुसरा नंबर आला. तिथल्या एका इंग्रजी पेपरात आमचा चौकोनी फोटो छापून आला आणि खाली माझं नाव, गीत आणि संगीत म्हणून. बातमीदाराने विचारलं होतं, “गाणं तुमचं स्वतःचं?” मी हो म्हणालो. इतकं सोपं असतं ते. बँडमधल्या कोणालाच खरं माहीत नव्हतं. मीच लिहिलंय असं त्यांना वाटत होतं. आणि ‘हो’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर बिनॉयची आई होती. म्हणजे मी स्वतःला तसं पटवलं होतं. सोलकरची खोड मोडायची म्हणून करतोय. फोटो पाहून मला आनंद झाला होता तो मात्र माझा स्वतःचाच होता.

कात्रण क्लबच्या बोर्डावर लागलं. लोकांनी आग्रह केला म्हणून गुरुवारी संध्याकाळी क्लबात ते गाणं पुन्हा वाजवायचं ठरलं. सोलकर आला. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसला. बँडमधले तिघंही घाबरले, कारण तो उठणार हे सगळ्यांना माहीत होतं. हॉलमधले लोकसुद्धा मागे वळून बघत होते, काहींना मजा हवी होती. मी गाणं सुरू केलं. दोन कडवी झाली, सोलो झाला, लोकांनी खुर्च्या सरकवून नाच सुरू केला. सोलकर उठला नाही. टाळ्या संपल्या, दिवे लागले, आणि त्याची खुर्ची रिकामी होती.

शनिवारी सकाळी मला व्हॉल्व्ह हवा होता. फॉर्म भरला, सही घेतली, शिक्का घेतला, एकही चूक नव्हती. काउंटरवर दुसरं कोणी नव्हतं. सोलकरने फॉर्म घेतला, वाचला, व्हॉल्व्ह आणून ठेवला. मग म्हणाला, “त्याचा भाऊ कुठे गेला?”

मला कळलं. मी कळलं नाही असं दाखवलं. “कोणाचा भाऊ?”

“दातार, त्याचा भाऊ कुठे गेला?”

आवाज चढलेला नव्हता. तो ओरडला असता तर मी ओरडलो असतो आणि बरं झालं असतं. मी तयार ठेवलेलं वाक्य काढलं. ते कितीतरी दिवस मी घासून ठेवलं होतं. “चाचा, गाणं कोणाचं म्हणून बोर्डावर लिहू? तुम्हालाच नाव माहीत नाही. पाकिटभर सिगारेटवर गाणं उचलून आणलंत तुम्ही. त्या गोऱ्या पोरांनी निदान वाजवलं तरी. तुम्ही तर नुसतं कपाटात कोंडून ठेवलंत.”

सोलकरचा चष्मा दोरीवर लोंबत होता. त्याने तो डोळ्यांवर चढवला, मालाच्या जमाखर्चाचं बिन कार्ड ओढलं आणि व्हॉल्व्हची नोंद केली. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं. मग कार्ड जागेवर ठेवून म्हणाला, “सही कर इथे.” मी सही केली.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही एकाच कंपनीत होतो. तो माझ्याशी बोलला तो फक्त फॉर्मपुरता. बरेचदा तेवढंही नाही, बोटाने सहीची जागा दाखवायचा. मी तक्रार केली ती याच काळातली, ‘असहकार्याची वागणूक’ म्हणून. चौकशी झाली. त्याने माझं एकही सामान एक मिनिटही अडवलं नव्हतं. उलट माझेच फॉर्म सगळ्यांत आधी निघायचे. मला समोर उभं राहिलेलं त्याला बघवत नव्हतं, असा मी अर्थ लावला. बँड त्याच सुमारास संपला. हैदराबादी कॅनडाला गेला, माझं लग्न झालं, बिनॉय रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात लागला. एकदा फोनवर त्याने विचारलं, “ते खेचराचं गाणं तू कसं लिहिलंस रे? तसं दुसरं का नाही लिहिलंस?” मी म्हटलं, वेळ मिळत नाही. त्याला खरं अजून सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल. त्याला मराठी येत नाही.

नवं शतक लागल्यावर एक-दोन वर्षांत सोलकर निवृत्त झाला. निरोपसमारंभ नको म्हणाला. केला असता तरी फार कोणी आलं नसतं. मी त्याच सुमारास आईच्या ऑपरेशनसाठी मुंबईला चाललो होतो. अबू धाबीच्या विमानतळावर चेक-इनच्या रांगेत पाहतो तर पुढे सोलकर. जमिनीवर बॅग उघडून बसलेला. वजन जास्त झालं होतं. काउंटरवरची मुलगी इंग्रजीत समजावत होती आणि तो तिला तिच्या वजनकाट्याबद्दल काहीतरी सुनावत होता. बाजूला दोरीने आवळलेला एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात काय असणार ते मला सांगायला नको. बॅगेतून ब्लँकेट काढून त्याने मागच्या माणसाला देऊन टाकलं. मग चपला, मग एक इस्त्री. खोक्याला हात लावला नाही.

माझ्याकडे एकच छोटी बॅग होती. मी पुढे झालो. “चाचा, माझ्या तिकिटावर पंधरा किलो शिल्लक आहे. द्या माझ्याकडे.”

त्याने मान वर करून पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. मग खोक्याकडे पाहिलं. मग बॅगेत हात घालून दूध पावडरचे चार मोठे डबे काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

“हे घे,” तो म्हणाला. “हे चोरलंस तरी चालेल.”

काउंटरवरच्या मुलीला मराठी कळत नव्हतं, ती आमच्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, ओळखीची माणसं भेटली.

विमानात तो माझ्यापुढे सहा रांगा होता. एकदाही मागे वळला नाही. मुंबईला बेल्टवर मी आधी पोचलो, डबे उतरवले, त्याच्या ट्रॉलीवर नेऊन रचले. त्याने एकेक डबा फिरवून पाहिला, झाकण, पत्रा, कुठे पोचा आलाय का. स्टोअरमध्ये माल उतरवून घेतो तसा. मला जायला हवं होतं, बाहेर भाऊ गाडी घेऊन उभा होता. पण मी म्हणालो, “चाचा, ते गाणं मी नंतर कधी वाजवलं नाही. त्या गुरुवारनंतर एकदाही नाही.”

मला वाटलं होतं, याचं त्याला थोडं तरी बरं वाटेल. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी पंधरा किलो देऊ केलं होतं.

“मग काय उपकार केलास?” सोलकर म्हणाला. “वाजवायला पायजे होतंस. पूर्ण.”

आणि त्याने ट्रॉली वळवली. तिचं एक चाक अडत होतं, ती सारखी डावीकडे जायची. एका हाताने खोका धरून दुसऱ्या हाताने तो तिला सरळ करत होता आणि वाटेतल्या लोकांना “बाजू, बाजू” म्हणत होता. ग्रीन चॅनलवर कस्टमच्या माणसाने त्याला थांबवलं, खोक्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सोलकरने तिथेच फरशीवर खोका टेकवला, दोरीची गाठ सोडायला बसला, आणि पहिली तबकडी बाहेर काढून त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरून त्याला लेबल वाचून दाखवायला लागला. मागची रांग ओरडत होती. मी दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो.